भट्टीचा म्हसोबा

सोलापूर
३ डिसेंबर २०२४

ती. नागव्वा आत्यास,
शिवानीचा साष्टांग नमस्कार.

फोन केला असता, पण कानाचं यंत्र तू पेटीत ठेवतेस आणि तुझ्या घरचा सयाजीदादा माझं निम्मंच बोलणं तुझ्यापर्यंत पोचवतो. म्हणून लिहिते.

पुण्याच्या प्रदर्शनासाठी काढलेल्या कपांपैकी दोन कप मी प्रयोगशाळेत तपासायला दिले होते. कुणी सांगितलं नव्हतं. लोक यातून चहा पिणार, तर एकदा खात्री करावी, असं माझ्याच मनानं घेतलं. काल अहवाल आला. आत्या, त्यात दोष निघाला आहे. कागद वाचला, खाली बसले, पुन्हा वाचला.

दिवाळीत तुला कपांचा खोका दिला होता, त्या कपांतून सध्या कुणी काही पिऊ नका. बाजूला ठेव. कारण कळलं की कळवते.

आणखी एक. शाळू ज्वारीच्या धसकटांची राख तू पाठवतेस, ती महिनाभर पाठवू नकोस. तिच्यात काही आहे असं मी म्हणत नाही. कपांवरच्या काचेसारख्या झिलईत जे जे पडतं ते एकेक करून तपासतेय, आणि राख त्यातलीच एक. राग मानू नकोस. माती पायानं कशी मळायची ते मी तुझ्या अंगणात शिकले, कॉलेज फार नंतर आलं.

अप्पांना यातलं काही बोलले नाही. भट्टीत माल लावायचं काम तेच करतात, उगाच जिवाला लावून घेतील.

तुझी
शिवानी


मैंदर्गी
७ डिसेंबर

चि. शिवानीस आत्याचा आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाचून मी हसले बग. दोष निगाला म्हनं! सगळे कप वट्ट्यावर मांडले आनि एकेकाला टिचकी मारली. बाराच्या बारा घंटीवानी वाजतात. चीर असती तर भद्द वाजलं असतं. एवडं कळायला पुन्याचा कागद कशाला पायजे गं? कुंबाराच्या घरची हाईस की न्हाय तू?

ल्हानपनापासनं भित्री. पाऊस यील आनि मडकी भाजायचा आवा भिजंल म्हनून चैतात छत्री घिऊन बसायचीस, आठवतंय का? तुजा आजा म्हनायचा, ही पोरगी आव्याची राखन करती का ढगाची?

बाजूला ठिऊन कपांची काय पूजा करू? अंगणवाडीच्या बाईला दिऊन टाकले. तितं पोरांना दुपारचं ताक मिळतं. पेले सगळे चेपलेले, पोरं तोंड वाकडं करायची. आता तुज्या चकचकीत कपातनं मागून मागून पितात. एक तेवडा शेजारच्या चन्नम्मानं ठिऊन घेतला. म्हनली, शिवानीच्या हातचा हाय, मी चहा यातच पिनार.

राखेचं मातर वाईट वाटलं. लपवत न्हाय. धसकटं मी आपल्या रानातली घेते, मुळाची माती झाडते, जाळून जुन्या लुगड्यातनं चाळते. माज्या राखंला नाव ठिवनारी तू पयली.

माज्या दादाला, तुज्या अप्पाला, सांगत न्हाय. पर त्याला इचारलं असतंस तर त्यानं बी टिचकीच मारली असती.

आत्या


सोलापूर
९ डिसेंबर, सकाळ

आत्या,

हे पत्र मैंदर्गीच्या गाडीवरच्या कंडक्टरच्या, आपल्या श्रीमंतच्या, हाती देतेय. त्याच्यासमोर वाच.

अंगणवाडीतले कप आत्ताच्या आत्ता परत आण. चप्पल घालायला थांबू नकोस.

चूक माझी. तुला लागू नये म्हणून मी 'दोष' असा गुळगुळीत शब्द लिहिला, आणि तू चीर समजलीस. कोणीही कुंभार तेच समजेल. चीर नाही. कपांच्या झिलईत शिसं आहे. शिसं म्हणजे विष, आत्या. ते डोळ्याला दिसत नाही, टिचकीला कळत नाही. कपात ओतलेल्या पदार्थात थोडं थोडं उतरतं, आणि आंबट असेल तर जास्त. मोठ्या माणसालाही वाईट, पण लहान मुलांच्या रक्तात गेलं तर त्यांच्या मेंदूची वाढ अडते. आणि तू लिहितेस, पोरं ताक मागून मागून पितात. ती ओळ वाचली आणि आधी हे पत्र लिहायला बसले.

माझ्या झिलईत मी शिसं घालत नाही. कधीच घातलं नाही. मग आलं कुठून? पुण्याहून येणाऱ्या सगळ्या पावडरी स्वच्छ निघाल्या. राहिली तुझी राख. खरं लिहिते, मला तिचाच संशय आहे. काल मुद्दाम राख न घालता कप भाजले, भट्टी अजून निवते आहे. त्यात काय येतं ते उद्या कळेल.

सयाजीदादाचा फोन लागत नाही. मी आधी इथल्या मुलांच्या डॉक्टरांकडे जाते, रक्त तपासायची सोय विचारते, आणि संध्याकाळच्या गाडीनं तिकडे निघते.

शिवानी


मैंदर्गी
त्याच दिवशी

शिवानी, मगळे, पोरी माजी,

श्रीमंताला दारात उबा करून लिहितेय. गाडी सुटंल म्हनून वरडतोय. वरडू दे.

अंगणवाडीतले सगळे कप पदरात बांधून आनले. बाई म्हनली, का वं आज्जी, दिऊन परत घेता व्हय? मी काय सांगू तिला? पोरांच्या तोंडाकडं बघवंना. चन्नम्मा मळ्यात गेलीया, तिचा मागनं घेते. यव्वा, चार दिस प्याली गं पोरं.

तू आज येऊ नगं. डाक्टर कवा बोलवतो ते कळीव, मी पोरांना घिऊन येते.

पर एक सांगते आनि रागानं सांगते. इख माज्या राखंत न्हाय. आनि तुज्या भट्टीत इख यायचंच कसं? तितं म्हसोबा बसतो. तुला ठावं न्हाय. घरच्या बायकांना सांगत न्हाईत, मला बी बा मरायच्या वक्ताला कळलं. माल लावताना आत एका पनतीत शेंदूर ठिवायचा, तेलात कालवून, म्हसोबाच्या नावानं. दादा तुज्या भट्टीत दर खेपेला ठिवतो. शेंदूर मीच धाडते, राखेच्या पोत्यात, यात्रेतला असली. जुन्या आव्यात त्यो तसाच ऱ्हायचा, पपडी धरायचा. तुज्या नव्या भट्टीत म्हनं देव सगळा पितो. पनती चाटूनपुसून! दादा हितं आला तवा सांगताना त्याच्या डोळ्यात पानी हुतं. म्हनला, नागव्वा, पोरीच्या भट्टीत देव जागा हाय.

असा देव आत बसल्यावर इख यील व्हय? तू त्या पुन्याच्या पावडरीच पुन्यांदा बग.

आत्या


सोलापूर
११ डिसेंबर

आत्या,

तुझं पत्र श्रीमंतनं मला स्टँडवरच दिलं. उभ्यानं वाचत होते. 'शेंदूर' या शब्दापाशी आले आणि पुढची अक्षरं नुसती रेघा दिसायला लागली. एक बाई म्हणाली, "पोरी, कुणी गेलं का गं?"

आत्या, शेंदूर शिशाचाच असतो. असली शेंदूर म्हणजे भाजलेलं शिसं. हे मी कॉलेजच्या पहिल्या वर्षी परीक्षेत लिहिलं आहे. पण शेंदूर म्हटलं की मला देव दिसायचा, भट्टी कधी दिसली नाही. जुन्या आव्याची आच कमी, म्हणून तो पपडी धरून जागच्या जागी राहायचा. माझी गॅसची भट्टी बाराशे अंशांच्या वर जाते. त्या आचेला शिशाची वाफ होते आणि ती शेजारच्या कपांवर बसते. देव पीत नव्हता. कप पीत होते.

शेडवर पळत गेले. भट्टी निवली होती. आपल्यात भट्टी पहिल्यांदा घरचा कर्ता पुरुष उघडतो, आणि पहिलं भांडं त्याच्या हातानं बाहेर येईतोवर बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. पुण्यात शिकून आले, स्वतःच्या नावाची पाटी लावली, पण हे मी मोडलं नव्हतं. अप्पांचा तेवढा मान, असं वाटायचं. त्या संध्याकाळी मोडलं. दार उघडलं, खालच्या फळीवरचे कप बाजूला केले. कोपऱ्यात पणती होती. रिकामी. आतून पिवळी, काचेसारखी चकाकणारी.

मागे अप्पा उभे होते.

"तू उगडलीस?"

"अप्पा, यात काय होतं?"

"देवाचं हाय. ठिव जागेवर."

"शेंदूर होता ना? मग गेला कुठं?"

"कुटं म्हंजे? पिला की देवानं."

मी सगळं सांगितलं. शिसं, अहवाल, मैंदर्गीची पोरं, ताक. आधी ते हसले. म्हणाले, "पुन्याचं शिक्षान! उद्या म्हनशील भस्मात बी इख हाय." मग मी बोलायचं थांबवलं. पणतीच्या शेजारचा एक कप आणि पार वरच्या फळीच्या टोकाचा एक, असे दोन कप त्यांच्या हातात दिले. एकाच बादलीतल्या झिलईचे. पणतीजवळचा ओल्यासारखा लखलखत होता, वरचा मंद होता, सायीसारखा. अप्पांनी दोन्ही दारापाशी नेले, उजेडात फिरवले. पुन्हा फिरवले. नंतर खाली फळीकडे बघितलं. पणतीपासून जसजसं लांब जावं तसतशी चमक कमी होत गेली होती, पायवाट असावी तशी.

"किती घरात गेल्यात ही?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, खूप. त्यांनी भिंतीला हात लावला आणि तसेच खाली बसले. तेव्हापासून माझ्याशी बोलले नाहीत. काल जेवले नाहीत.

त्या कपांत तुझी राख नव्हती, तरी ते चमकत होते. तुझ्या राखेची मी क्षमा मागते. आणि ती चमक, आत्या! पुण्यात शिकताना हीच झिलई मंद यायची. इथं आल्यावर झळकायला लागली, लोक नावाजायला लागले, गॅलरीनं बोलावलं. मी मुलाखतीत हसून सांगितलं होतं की ही आमच्या मैंदर्गीच्या राखेची करामत. माझं म्हणून जे काही लोकांना आवडलं, ते हे होतं.

डॉक्टर शुक्रवारी मुलांना बघणार आहेत. घेऊन ये.

शिवानी


मैंदर्गी
१२ डिसेंबर

शिवानी,

गाडी ठरीवली. अंगणवाडीची बाई बी येते. पोरांच्या आयांना मीच सांगितलं. एक जन बोलली मला, बोलू दे.

शेंदूर मी धाडला. पोत्यात राखेच्या मदी, पुडीला दोन गाठी मारून, सांडू नये म्हनून.

जास्ती लिहवत न्हाय.

आत्या


सोलापूर
२० डिसेंबर

ती. आत्यास नमस्कार.

मुलांचे रक्ताचे अहवाल आले. सगळी ठीक आहेत, फक्त ऋतुजाच्या रक्तात शिसं थोडं जास्त आहे. जी सुई टोचताना रडली नाही आणि नंतर तुझ्या पदराला धरून झोपली, ती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर थांबलं, आता आत जाणार नाही तर हळूहळू उतरेल, संक्रांतीनंतर पुन्हा बघू. तिच्या आईला मी फोनवर सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझ्याकडून ज्यांनी ज्यांनी भांडी घेतली, त्यांना मी पत्रं पाठवतेय. कारण लिहिताना अडले. आधी लिहिलं, 'भट्टीतील तांत्रिक अडचण'. खोडलं. मग लिहिलं, 'घरातील एका जुन्या विधीमुळे'. तेही खोडलं, ते अप्पांकडे बोट दाखवल्यासारखं झालं. शेवटी लिहिलं, 'माझ्या भट्टीत शेंदूर जळत होता. भट्टी माझी आहे. भांडी परत द्या, त्यांतून काही पिऊ नका.' गॅलरीच्या बाईंनी विनवलं की शिसं हा शब्द तेवढा टाळा, लोक सगळ्याच कुंभारांकडे पाठ फिरवतील. एकदा शब्द टाळून काय झालं ते मी बघितलंय. मी टाळला नाही. त्यांनी प्रदर्शनातून माझं नाव काढलं आहे.

भट्टीच्या आतल्या विटांतही शिसं मुरलं असणार, त्या सगळ्या काढाव्या लागतील. अप्पांनी कालच छिन्नी लावली. तोंडाला ओला पंचा बांधायला सांगितलं, तर बांधला. आज सकाळी रिकामं पोतं खांद्यावर टाकून निघाले. कुठं, विचारलं तर "मैंदर्गी" म्हणाले.

आत्या, चन्नम्माचा कप तू आणलास ना? गेल्या शुक्रवारी गडबडीत विचारायचं राहिलं, आणि तूही विषय काढला नाहीस.

शिवानी


मैंदर्गी
२३ डिसेंबर

चि. शिवानीस आशीर्वाद.

चन्नम्माचा कप आनला नव्हता. म्हनून गप हुते. तीनदा गेले तिच्याकडं, तिन्ही डाव तिनं हाकलून लावलं. म्हनली, "मी काय ल्हान पोर हाय? सासूच्या हातचं खाऊन सत्तरी गाटली, तुज्या भाचीच्या कपानं मरनार हाय व्हय?"

दादाला मी हे सांगितलं. त्यो पानी बी न पिता तिच्या दारात गेला, मी मागनं. पायरीवर बसला.

"चन्नम्मा, कप दे."

"देत न्हाय. मला कुनी कवा काय दिलंय? हे एक पोरीनं केलेलं हाय, ते बी परत?"

"पोरीचा दोष न्हाय. मी भट्टीत शेंदूर ठिवला. माज्या हातनं इख गेलंय."

"गेलं तर गेलं. तू जा घरी."

"कप घेतल्याबिगर जात न्हाय."

"मग बस!" म्हनली आनि आत गेली.

दादा बसला. ऊन डोक्यावर आलं. गल्लीतली मानसं जाता येता इचारायची, काय वं शंकरप्पा, हितं का? त्यो पर्तेकाला सांगायचा, "माज्या भट्टीतनं इख गेलंय, ते न्यायला आलोय." मोट्यानं सांगायचा गं. मला वाटलं, भुई फाटंल तर बरं. बाच्या वक्तापासनं जे घरच्या बायकांना बी सांगायचं न्हाय, ते त्यो चावडीवर बोलल्यावानी बोलत हुता.

चन्नम्मा कडक, पर दारातल्या मानसाला उपाशी ठिवनारी न्हाय. चहा घिऊन आली. आनि कशातनं आनला आसंल? तुज्याच कपातनं. म्हनली, "घरात यवडंच बरं भांडं हाय, पावन्याला स्टीलचं कसं दिऊ?"

मी वरडले, दादा, नगं! त्यानं माज्याकडं बगितलं बी न्हाय. कप दोन्ही हातात धरला आनि प्याला. गडबड न्हाय, सावकास, तळाशी काय ऱ्हायलं न्हाय. मग कप तिच्याफुडं धरला.

"घे. आता माजं उष्टं हाय. मातीच्या भांड्याला दुसऱ्याचं व्हट लागलं, ते धुवून शुद्द हुत न्हाय. पितीस?"

चन्नम्मा पोटच्या पोराचं उष्टं खात न्हाय, साऱ्या गल्लीला ठावं. मग म्हनली, "कुंबार हाईस का चोर रं तू?" आनि आत निगून गेली. दादानं कप पोत्यात टाकला.

येताना मला म्हनला, "नागव्वा, पोरीनं केलेल्या कपातनं मी कवा प्यालोच न्हवतो. धरायला लई चांगला हाय."

आत्या


सोलापूर
२६ डिसेंबर

आत्या,

अप्पा परवा घरी आले, पोतं कोपऱ्यात ठेवलं, हातपाय धुतले आणि भाकरी मागितली. मला वाटलं, चन्नम्मानं कप मुकाट्यानं दिला. त्यांनी यातलं एक अक्षर सांगितलं नाही. तुझं पत्र आज आलं. चार ओळी वाचायच्या, उठायचं, अप्पा कुठं आहेत ते बघायचं, पुन्हा बसायचं.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, एका कपानं काही होत नाही, आणि हसले. मला हसू येत नाही. अप्पांना विचारलं, डोकं दुखतंय का, पोटात काही होतंय का. ते म्हणाले, "कामाला लाग. नव्या विटा कवा येनार?" चहा कसला होता विचारलं तर म्हणाले, "बरा हुता."

तू तिथं होतीस. चन्नम्माच्या घरी म्हैस नाही, म्हणजे चहा कोराच असणार. आंबटानं शिसं जास्त उतरतं. मला एवढंच कळव, त्यात तिनं लिंबू पिळलं होतं का?

शिवानी